सकाळची रिकामी फेरी: पार्कच्या धंद्यातले नेतृत्व आणि बदल

डोंगरवाट (धागालेखक)

नमस्कार. एप्रिलअखेर मी मनोरंजन पार्कच्या धंद्यातून निवृत्त झालो. राइड ऑपरेटर म्हणून लागलो, पुढे शिफ्ट सुपरवायझर झालो आणि शेवटची सात वर्षे ऑपरेशन्सप्रमुख होतो. एकूण सव्वीस वर्षांत दोन पार्क, तीन मालक आणि सहा वरिष्ठ पाहिले. सिंहगड रोडवरच्या घरी अजूनही पहाटे पाचला जाग येते आणि जायचे कुठेच नसते, तेव्हा हे सारे मनात घोळत राहते. म्हणून इथे मांडतो आहे. पार्कांची आणि माणसांची नावे लिहिणार नाही, कारण मला कोणाचे उट्टे काढायचे नाही.

बाहेरच्या माणसाला पार्कमधला बदल म्हणजे नवी राइड, नवा रंग आणि वाढलेले तिकीट एवढाच दिसतो. आत काम करणाऱ्याला तो सकाळी कळतो. पार्क दहाला उघडत असेल तर मेन्टेनन्सची माणसे सहाच्या आत हजर असतात. ट्रॅक चालत जाऊन पाहायचा, चाकांच्या कडांवर चीर आहे का ते बोटाने चाचपायचे, प्रत्येक हार्नेस, म्हणजे बसणाऱ्याला जागी धरणारी पकड, ओढून पाहायचा, मग राइड रिकामी फिरवायची आणि सगळे ठीक असेल तर सही करून ती ऑपरेशन्सच्या ताब्यात द्यायची. या तीन-साडेतीन तासांत गल्ल्यात एक रुपया येत नाही. नवा साहेब या तासांकडे कसा पाहतो, यावरून पुढची वर्षे कशी जाणार याचा अंदाज मला पहिल्या आठवड्यातच येत असे, आणि तो क्वचितच चुकला.

माझे पहिले वरिष्ठ एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून आलेले होते. ते रोज सकाळी प्रत्येक ऑपरेटरला एकच प्रश्न विचारत: "काल शेवटच्या फेरीला काय ऐकलंस?" ऑपरेटर दिवसभर एकाच यंत्राजवळ उभा असतो, त्याला त्याचा श्वास पाठ झालेला असतो, हे त्यांना ठाऊक होते. मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास, मुळशीकडचा एकवीस वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, चढावर एक टक कमी वाजतोय." रोलर कोस्टरची गाडी सुरुवातीचा चढ चढताना जी टकटक ऐकू येते, ती गाडीखालची खिट्टी ट्रॅकवरच्या दात्यांवर पडण्याची असते, साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये यासाठी ती योजना असते. साहेबांनी जागच्या जागी राइड बंद केली. रांगेत दोन तासांपासून उभी असलेली माणसे चिडली, मालकांचा दोनदा फोन आला, पाच तास तपासणी चालली आणि काहीही सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये त्या मुलाची मान खाली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर लॉगबुक उघडून आदल्या दिवशीची नोंद वाचली: "संशयावरून बंद. निर्णय माझा." खाली त्यांची सही होती. मग ते म्हणाले, "काही नाही हे कळायला पाच तास लागले. ते पाच तास माझ्या नावावर." त्या मुलाला त्यांनी त्याच राइडवर ठेवले. मी तेव्हा सुपरवायझर होतो, आणि या धंद्यातल्या नेतृत्वाविषयी जे काही मला कळले त्याचा मोठा भाग त्या एका सकाळी कळला. राइड थांबवल्यावर बिघाड सापडला तर कोणीही पाठ थोपटतो. काहीच सापडले नाही तर थांबवणाऱ्याचे काय होते, यावर पुढच्या वेळी कोणी थांबवेल की नाही हे ठरते.

पुढे मालकी बदलली आणि नवे साहेब मोठ्या दुकानांच्या साखळीतून आले. त्यांच्याविषयी मला एकांगी लिहायचे नाही. त्यांच्या काळात पगार एक तारखेला होऊ लागला, रांगांवर छत आले, ऑपरेटर मुलींसाठी स्वतंत्र खोली झाली, आणि या गोष्टींसाठी आम्ही कित्येक वर्षे तोंड वेंगाडत होतो. पण त्यांनी स्टाफ कँटीनमध्ये एक तक्ता लावला. प्रत्येक राइड तासाला किती माणसे नेते आणि महिन्यात किती मिनिटे बंद राहते, हे त्यावर लिहिलेले असे. शेवटच्या तीन राइडची नावे लाल रंगात. हेतू वाईट नव्हता. दोन महिन्यांत बंद राहण्याची मिनिटे निम्म्यावर आली आणि सगळ्यांचे अभिनंदन झाले. मी मात्र लॉगबुके पाहत होतो. पूर्वी जिथे "डावीकडून घासल्याचा आवाज" असे लिहिलेले असे, तिथे आता "स्वच्छतेसाठी दहा मिनिटे बंद" असे लिहिले जाऊ लागले होते, कारण स्वच्छतेची मिनिटे तक्त्यात मोजली जात नव्हती. त्या नोंदींवर माझ्याही सह्या आहेत. मी वर्षभर गप्प बसलो, याचे मला आजही वाईट वाटते.

तिसऱ्या वरिष्ठ बाई हिशेबाच्या बाजूने आल्या होत्या आणि आपल्याला यंत्रातले काही कळत नाही असे त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्यांनी मागच्या वर्षाची लॉगबुके घरी नेली आणि सोमवारी मला बोलावून विचारले, "एकाच राइडची मंगळवारी चार वेळा स्वच्छता का लागते?" मी खरे काय ते सांगितले. तक्ता त्याच दिवशी उतरला. २०२० च्या मार्चमध्ये पार्क बंद झाले तेव्हा त्यांनी स्वतःचा आणि आम्हा वरच्यांचा पगार आधी कापला आणि मेकॅनिकांचा तसाच ठेवला, कारण राइड उभी राहिली की सील सुकतात, बेअरिंगला गंज धरतो आणि केबल उंदीर कुरतडतात. त्या सगळ्या महिन्यांत आमच्या राइड आठवड्यातून दोनदा रिकाम्या फिरत होत्या. मोकळ्या पार्कमध्ये तो आवाज ऐकताना गलबलून येत असे.

या धंद्यातल्या, किंवा अशा कोणत्याही कामातल्या मंडळींचे अनुभव वाचायला आवडतील.

भोसरी_शॉपफ्लोअर

डोंगरवाट साहेब, फार मनापासून लिहिले आहे. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडे लाइनवर दोरी असते. कामगाराला शंका आली की त्याने ती ओढायची आणि लाइन थांबवायची. ही पद्धत टोयोटाने रूढ केली आणि आता आपल्या चाकण-भोसरी पट्ट्यात ती नवी राहिलेली नाही. पण आमच्या दोरीने थांबते ती लाइन, आणि पाहणारे सगळे आतलेच. तुमच्या ऑपरेटरला तीनशे लोकांच्या रांगेसमोर बटण दाबायचे असते, हा फरक मला आज प्रथमच जाणवला.

आपल्या मुद्द्याशी जोडलेले एक उदाहरण देतो. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कमध्ये २ जून २०१५ रोजी 'स्मायलर' या कोस्टरवर दोन गाड्या धडकल्या. सोळा जण जखमी झाले आणि दोन तरुणींना पाय गमवावा लागला. कोस्टरचा ट्रॅक भागांमध्ये वाटलेला असतो आणि पुढच्या भागात गाडी असेल तर यंत्रणा मागची गाडी सोडत नाही. रेल्वेच्या सिग्नलसारखेच हे तत्त्व आहे. त्या दिवशी एक रिकामी गाडी वाऱ्यामुळे मध्येच अडकली होती आणि संगणकाने मागची भरलेली गाडी बरोबर थांबवून धरली होती. पण ट्रॅकवर आणखी एक गाडी वाढवल्याचे इंजिनिअरांना नीट ठाऊक नव्हते, त्यांना संगणकाचीच चूक वाटली आणि त्यांनी तो थांबा हाताने मोडून काढला. पुढे कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड झाला. तिथल्या सुरक्षा खात्याने दोष त्या इंजिनिअरांवर ढकलला नाही, ही गोष्ट मला विशेष वाटते. अशा वेळी काय करायचे याची नीट पद्धतच वरच्यांनी घालून दिली नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्राने "थांब" म्हटले होते, आणि थांबणे म्हणजे बिघाड असे माणसांच्या मनात बसले होते. तुमच्या कँटीनमधल्या तक्त्याने नेमके तेच बसवले असणार.

पाळणेवाले

आम्ही जत्रेतले. आमच्याकडे तिसऱ्या पिढीपासून पाळणे आहेत; जेजुरी, आळंदी आणि पुरंदर-बारामतीकडच्या गावजत्रांमध्ये आमचा आकाशपाळणा, ड्रॅगन ट्रेन आणि ब्रेक डान्स लागतो. आजोबांचा पाळणा लाकडी होता, चार माणसे तो हाताने फिरवत. आम्हाला कोणी साहेब नव्हते, पण नेतृत्व नव्हते असे मी म्हणणार नाही.

आमचे वडील पाळणा उभा झाला की पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन वर चढत आणि प्रत्येक नट-बोल्टवर एक रेघ ओढत. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर. रोज संध्याकाळी पाळणा सुरू होण्याआधी बॅटरी मारून पाहायचे. रेघ मोडलेली दिसली म्हणजे नट फिरला. त्यासाठी वाचता येण्याची गरज नव्हती, त्यामुळे आमची पोरेही पाहू शकत. माझे वय नऊ असताना मी एक मोडलेली रेघ दाखवली होती आणि वडिलांनी भरलेला पाळणा उतरवायला लावला. त्या रात्रीचा निम्मा धंदा गेला, आणि जत्रा म्हणजे आमचे वर्षाचे धान्य. ते मला एक शब्दही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून रेघा पाहण्याचे काम माझ्याकडे आले.

आता आमच्यावरही बदल आला आहे. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाजवळ झोपाळ्याची राइड तुटून दोन माणसे गेली, तेव्हापासून प्रत्येक गावात परवान्यासाठी जास्त कागद मागतात आणि मागायलाच हवेत. मला फक्त एवढेच वाटते की कागद पाहणाऱ्याने एकदा बॅटरी घेऊन वरही चढावे. माझा मुलगा डिप्लोमा करतो आहे. तो टॉर्क रेंच घेऊन आला आहे आणि कुठला बोल्ट किती आवळायचा हे वहीत लिहितो. रेघा मात्र आम्ही अजून ओढतो.

वारजे_प्रशिक्षण

मी पंधरा वर्षे पार्क आणि हॉटेल या दोन्ही ठिकाणी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे काम केले आहे, म्हणून थोडी असहमती नोंदवते. डोंगरवाट सर, आपल्या पहिल्या वरिष्ठांविषयी वाचून मलाही भरून आले, परंतु ते गेल्यानंतर त्यांचे कान त्यांच्याबरोबरच गेले ना? एका थोर माणसाच्या भरवशावर चाललेले पार्क त्याच्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी उघडे पडते. आपल्याकडे ऑपरेटर बहुधा जवळच्या गावांतून येतात, पुष्कळसे ठेकेदारामार्फत येतात आणि हंगाम संपला की निम्मे निघून जातात. दर उन्हाळ्यात मला चाळीस नवी मुले मिळत. त्यांना यंत्राचा श्वास पाठ व्हायला वेळच नसतो. त्यांच्यासाठी नियम लिहिलेला असावा लागतो, आणि तो लहान असावा लागतो.

डिस्नेच्या पार्कांमध्ये कर्मचाऱ्यांना पूर्वापार चार गोष्टी शिकवल्या जात: सुरक्षितता, सौजन्य, देखणेपणा आणि कार्यक्षमता. अलीकडे त्यांत सर्वसमावेशकतेची भर पडली आहे. यांतले शब्द कोणीही लिहील; मोल आहे ते क्रमाचे. एकोणीस वर्षांच्या मुलाला दोन गोष्टींपैकी एक निवडायची वेळ आली तर वरची निवडावी आणि त्यासाठी कोणालाही विचारू नये, एवढे त्याला पहिल्या दिवशी सांगता येते. कार्यक्षमता शेवटी आहे, म्हणजे रांग लांबली तरी चालेल, हे कंपनीनेच लिहून दिलेले असते.

उलट टोकाचे उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या ड्रीमवर्ल्डचे आहे. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथल्या पाण्यातल्या राइडवर चार जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पाण्याचा पंप आधी दोनदा बंद पडला होता. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पातळी उतरली, एक तराफा अडकला आणि मागून आलेला त्यावर आदळला. तिथे उभ्या असलेल्या एका ऑपरेटरला त्या राइडचे प्रशिक्षण त्याच दिवशी सकाळी मिळाले होते. मी ते वाचले तेव्हा कित्येक दिवस मला माझ्या वर्गातल्या मुली डोळ्यांपुढे दिसत होत्या. मालक कंपनीला छत्तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, पण दोनदा पंप बंद पडल्यावर तिसऱ्यांदा राइड सुरू करायची नाही, हे एक वाक्य तिथल्या प्रत्येकाला पाठ असायला हवे होते.

वारशाविषयीही एक सांगते. वॉल्ट डिस्ने १९६६ च्या डिसेंबरमध्ये वारले, तेव्हा फ्लोरिडाचे पार्क उभे राहायचे होते. त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी आपली निवृत्ती पुढे ढकलली, काम पुरे केले, ऑक्टोबर १९७१ मध्ये पार्क उघडले, नावात धाकट्या भावाचे पूर्ण नाव घातले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तेही गेले. कल्पना करणाऱ्याइतकाच ती तडीस नेणारा मोठा, असे मला वाटते. आपण मात्र पहिल्याच्याच गोष्टी सांगतो.

सदाशिव_हिशेब

वर सगळ्यांनी सुरक्षेविषयी लिहिले आहे आणि ते योग्यच आहे, पण कँटीनमध्ये तक्ता लावणारा साहेब तो तक्ता का लावतो, हेही पाहायला हवे. मी सनदी लेखापाल आहे आणि या क्षेत्रातल्या दोन कंपन्यांचे काम केले आहे. पार्क उभारायला लागणारा पैसा आधी लागतो आणि तो बहुधा कर्जाचा असतो. मोठ्या राइडची किंमत युरो किंवा डॉलरमध्ये मोजायची आणि तिकीट रुपयांत विकायचे, हा पहिला पेच. शाळांच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळ एवढ्याच दिवसांत वर्षाची कमाई करायची, हा दुसरा. त्यात जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तो २८ टक्क्यांनी, आणि २५ जानेवारी २०१८ पासून १८ टक्के झाला. ते सहा-सात महिने कसे काढले हे त्या वेळच्या कोणत्याही व्यवस्थापकाला विचारावे.

आपल्या डोळ्यांसमोरची उदाहरणे पाहा. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड झाले तेव्हा पुण्याच्या शाळांच्या सहली मार्व्याहून बोटीने तिथे जात. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडले आणि पुणेकरांना एक्स्प्रेसवेने दीड तासावर आंतरराष्ट्रीय दर्जाचे पार्क मिळाले. कंपनी २०१५ मध्ये शेअर बाजारात आली, कर्जाचा भार तिला झेपला नाही, आणि २०२२ मध्ये ती संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली, ज्यांना शिर्डी आणि लोणावळ्याच्या वॉटर पार्कचा अनुभव होता. अमेरिकेत सिक्स फ्लॅग्ज या पार्ककंपनीने २००९ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले, पुन्हा उभारी धरली, आणि १ जुलै २०२४ रोजी ती आणि सीडर फेअर ही दुसरी मोठी पार्ककंपनी एकत्र झाल्या. इतकी पार्के एका छताखाली आली की प्रत्येक पार्काचा प्रमुख मालकापासून किती दूर जातो, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

या बाबतीत मला वंडरलाचे वेगळेपण जाणवते. कोचौसेफ चित्तिलपिल्ली यांनी २००० मध्ये कोचीला पहिले पार्क काढले, २००५ मध्ये बंगळूरला आणि २०१६ मध्ये हैदराबादला दुसरे-तिसरे. मधली वर्षे त्यांनी घाई केली नाही, कर्जाचा डोंगर केला नाही आणि पुष्कळ राइड स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवल्या. व्याजाचा हप्ता मानगुटीवर नसेल तर मे महिन्याच्या रविवारी राइड पाच तास बंद ठेवणे सोपे जाते. डोंगरवाट यांच्या पहिल्या साहेबांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे, पण फोन करणाऱ्या मालकाच्या डोक्यावर किती कर्ज होते हे मला जाणून घ्यायला आवडले असते.

बाई_कसबा_पेठ

मी शाळेत शिक्षिका आहे आणि सहलींची जबाबदारी अनेक वर्षे माझ्याकडे आहे. माझ्या लहानपणी सहल म्हणजे पेशवे पार्क. १९५६ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या फुलराणी या छोट्या आगगाडीत माझी आई बसली, मी बसले आणि माझी मुलेही बसली.

मला नेतृत्व दिसले ते एका अगदी लहान प्रसंगात. चार वर्षांपूर्वी आम्ही १८० मुले घेऊन एका पार्कला गेलो होतो. आमचा सहावीतला एक मुलगा उंचीच्या पट्टीपेक्षा दोन बोटे कमी भरला. तो रडू लागला, आमच्या मुख्याध्यापकांनी ऑपरेटरला बाजूला घेऊन "एवढं चालवून घ्या" असे सांगितले. तो ऑपरेटर विशीतलाही नसेल. त्याने नम्रपणे नकार दिला. मग तो गुडघ्यावर बसला, मुलाच्या उंचीला आला, आणि हार्नेस खाली ओढून त्याने त्याला दाखवले की मोठ्या मुलांच्या खांद्यावर तो कुठे टेकतो आणि त्याच्या खांद्यावर किती फट राहते. स्वतःची चार बोटे त्या फटीत घालून दाखवली. मुलाचे रडणे थांबले, कारण त्याला कारण समजले होते.

तेवढ्यात सुपरवायझर आल्या. मुख्याध्यापकांनी आवाज चढवला, इतकी मोठी बुकिंग आम्ही दरवर्षी देतो असेही सांगितले. त्या बाईंनी ऑपरेटरकडे पाहून फक्त "किती कमी आहे?" असे विचारले आणि उत्तर ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "सर, याने नाही म्हटलं म्हणजे माझंही नाहीच आहे." पुढच्या वर्षीची सहल कुठे न्यायची हे ठरवताना मी याच पार्कचे नाव पुढे केले आणि मुख्याध्यापकांनी ते मान्य केले, हे मुद्दाम सांगते.

डोंगरवाट (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. वारजे ताई, आपली असहमती मला पूर्ण मान्य आहे. त्या साहेबांच्या निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो आणि त्यांची खिशातली डायरी मागून आणली. सगळ्या राइडची प्रकृती तिच्यात होती, परंतु त्यांच्या खुणा आम्हाला लागेनात. "दोन नंबर, ओलाव्यात जड" म्हणजे नेमके काय, हे विचारायला पुन्हा त्यांनाच फोन करावा लागे. तिसऱ्या बाईंनी मात्र लॉगबुकात एक वेगळा रकाना छापून घेतला, "शंका" नावाचा. त्यात ऑपरेटरने काहीही लिहावे, त्याची मिनिटे कुठेही मोजली जाणार नाहीत, पण प्रत्येक ओळीसमोर मेन्टेनन्सने त्याच दिवशी उत्तर लिहून सही करायची. पहिल्या महिन्यात तो रकाना जवळजवळ कोरा राहिला. माणसांचा विश्वास बसत नव्हता. बाई रोज संध्याकाळी स्वतः येऊन तो वाचत आहेत हे दिसल्यावर तो भरू लागला. म्हणजे नियम लिहिलेला हवाच, पण तो वाचायला कोणीतरी रोज यायलाही हवे, असे मी आपल्या म्हणण्यात जोडतो.

हिशेब साहेब, मालकांवर कर्ज बरेच होते. त्यांनी दोनदा फोन केला हे खरे, पण तिसऱ्यांदा केला नाही, हेही मी लिहायला हवे होते. कसबा पेठेच्या बाई, आपण सांगितलेली चार बोटांची गोष्ट मी प्रशिक्षण देणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांना पाठवली आहे.

मुठाकाठ

सगळा धागा दोनदा वाचला. माझे वय बत्तीस आहे आणि पुढच्या आठवड्यापासून पुण्याजवळच्या एका वॉटर पार्कमध्ये मी ऑपरेशन्स व्यवस्थापक म्हणून रुजू होतो आहे. आधीचा अनुभव हॉटेलचा आहे. मालकांनी पहिल्याच भेटीत सांगितले आहे की त्यांना "बदल" हवा आहे. डोंगरवाट काका, सुरुवात कुठून करू?

डोंगरवाट (धागालेखक)

अभिनंदन. पहिला महिना काहीही बदलू नका, आणि मालकांना तसे आधीच सांगून ठेवा. रोज सकाळी सहाला जा. वॉटर पार्कमध्ये सकाळी स्लाइडच्या आतून हात फिरवत उतरणारी माणसे असतात. फायबरच्या दोन तुकड्यांच्या जोडावर कड वर आली असेल तर ती हाताला लागते, डोळ्याला दिसत नाही. त्यांच्याबरोबर तुम्हीही उतरा. पाण्याचा क्लोरीन आणि पीएच कोण मोजतो, तो आकडा कुठे लिहितो आणि कमी-जास्त निघाला तर कोणाला सांगतो, हे त्याच्याकडून समजून घ्या. जीवरक्षकांची जागा दर किती मिनिटांनी बदलते ते घड्याळ लावून पाहा, कारण उन्हात एकाच पाण्याकडे पाहत उभ्या असलेल्या माणसाची नजर मरते. आणि कोणी काही थांबवले तर सगळ्यांसमोर आधी आभार माना, तपासणीचा निकाल नंतर.

लॉगबुकात अजून जागा असेल तर तो रकाना आखून घ्या. पट्टी आणि पेन पुरते.

मुठाकाठ

नऊ दिवस झाले. रकाना आखला आहे, पण आजपर्यंत त्यात काही आले नव्हते. आज सकाळी पावणेआठला एका मुलीने, जी इथे गेल्या हंगामापासून आहे, मला बाजूला बोलावून सांगितले की तीन नंबरच्या स्लाइडवर दुसऱ्या वळणानंतर टाच घासते, आणि ते तिने मागेही तोंडी सांगितले होते. मी तिच्याबरोबर उतरलो. माझ्या हाताला कड लागली. ती नोंद तिलाच लिहायला सांगितली आणि समोर मी सही केली. स्लाइड बंद ठेवली आहे, फायबरचे काम करणारा माणूस दुपारी दोनला येतो आहे. मालकांना मी फोन करून कळवले; आज शनिवार आहे, हे त्यांनी मला आठवण करून दिले, आणि मग काम संपल्यावर फोटो पाठवायला सांगितले.